चार ट्रॅकच्या कॅसेटी संगणकात आणताना

आमची जुनी एकांकिका पुन्हा करायची ठरली तेव्हा पात्रं कोण, तारीख कुठली, भावे नाट्यमंदिर मिळेल का, अशी सगळी चर्चा झाली. संगीताचा विषय कुणी काढलाच नाही. ‘ते तुझ्याकडे असेलच’ हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. होतंही. पत्र्याच्या ट्रंकेत टीडीके एसएच्या कॅसेटींचा ढीग, प्रत्येकीवर बॉलपेनानं लिहिलेलं: प्रवेश १, पेटी, तानपुरा, कॅसिओ, आवाज. अडचण एवढीच होती की या कॅसेटी कुठल्याही साध्या टेपवर वाजत नाहीत.

नव्वदच्या दशकात सांगलीत हौशी नाटकाचं पार्श्वसंगीत करायचं म्हणजे दोन टेपरेकॉर्डर. एकावर पेटी भरायची, ती वाजत असताना सोबत तबला वाजवून दोन्ही मिळून दुसऱ्यावर भरायचं, मग त्यावर आवाज. तिसऱ्या फेरीपर्यंत पेटी हिसच्या, म्हणजे टेपच्या सततच्या सरसरीच्या, खाली गाडली जायची. परदेशात यावर तोडगा कधीच निघाला होता. टॅस्कमनं १९७९ साली पोर्टास्टुडिओ १४४ काढला, साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक भरणारा. आमच्यापर्यंत ते तंत्र यायला दीड दशक गेलं. माझा मामेभाऊ अमेरिकेहून येताना त्याच जातीचं एक यंत्र घेऊन आला. ते तिकडच्या विजेवरचं, त्यामुळे स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावून चालवायचो. तो ट्रान्सफॉर्मर इतका गुरगुरायचा की त्याला शेजारच्या खोलीत ठेवावं लागे.

साध्या स्टिरिओ कॅसेटवर ए बाजूला दोन आणि बी बाजूला दोन ट्रॅक असतात. हे यंत्र चारही ट्रॅक एकाच दिशेनं वापरतं, तेही दुप्पट वेगानं, सेकंदाला ४.७५ ऐवजी ९.५ सेंटिमीटर. म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये पंधराच मिनिटं मावतात. अशी कॅसेट साध्या डेकमध्ये टाकली तर अर्ध्या वेगानं, सप्तकभर खालून, दोनच ट्रॅक ऐकू येतात, आणि पलटली तर उरलेले दोन उलटे. वर आमच्या रेकॉर्डिंगला डीबीएक्स, म्हणजे हिस दाबणारी यंत्रणा, लावलेलं. त्यात भरताना आवाजाची चढउतार निम्मी करतात आणि वाजवताना पुन्हा दुप्पट. ते उलगडणारं सर्किट यंत्रातच असतं. तेव्हा ‘कॅसेटचं एमपी३ करून मिळेल’ अशी पाटी लावलेल्या दुकानात जाण्यात अर्थ नव्हता. आधी यंत्र जिवंत करणं भाग होतं.

झाकण उघडलं तर बेल्टचं काळं डांबर झालेलं, पुलीला आणि बोटांना चिकटणारं. जुनं रबर असं विरघळतं हे ऐकून होतो. कानकोरणीच्या कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुली साफ केल्या, दोरा फिरवून घेर मोजला आणि पुण्याला आलो तेव्हा तपकीर गल्लीत हिंडलो. तिथे आता बहुतेक एलईडीच्या माळा आणि मोबाईलची कव्हरं. एका दुकानदारानं मागच्या बोळातल्या एका काकांकडे पाठवलं. त्यांच्याकडे बेल्टचे जुडगेच होते. माझा दोरा त्यांनी पट्टीवर धरला, एक चपटा बेल्ट काढून दिला आणि विचारलं, “हेडचं काय करणार?”

“साफ करीन, काका.”

“साफ सगळेच करतात हो. अझिमथ बघा. आणि स्क्रूला हात लावण्याआधी नेलपॉलिशचा ठिपका द्या, म्हणजे परत जागेवर आणता येईल.”

सगळ्या उद्योगात सर्वात उपयोगाचं वाक्य मला हेच मिळालं. अझिमथ म्हणजे टेप वाचणाऱ्या हेडचा कल. टेप ज्या रेषेत सरकते तिला हेडची फट बरोबर काटकोनात असावी लागते. केसभर कलली तरी आधी वरचे सूर जातात: टाळेची किणकिण, तबल्याच्या चाटेची धार, ‘स’ आणि ‘श’ मधला फरक. डीबीएक्स असेल तर हा तोटा दुप्पट होतो, कारण दोन डेसिबल कमी आलेला आवाज ते सर्किट चार डेसिबलनं खाली ढकलतं. मी टाळेचा भाग लावून ठेवला, ठिपका दिला आणि पाव-पाव फेरा फिरवत बसलो. मध्येच एका जागी खोलीची खिडकी उघडावी तशी टाळ पुढे आली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “आत्ता काहीतरी बरं वाजलं.” तिला अझिमथ काय ते ठाऊक नाही, पण कान आहे.

‘अॅनालॉगची ऊब’ म्हणून लोक जे कौतुकानं सांगतात, त्यातली निम्मी ऊब म्हणजे कललेलं हेड असावं असा मला तेव्हापासून दाट संशय आहे. ती ऊब विकणारे प्लगइन, म्हणजे संगणकातल्या सॉफ्टवेअरला जोडायचे तुकडे, तेही आता मिळतात. ज्यानं टेपशी वर्षानुवर्षं झटापट केली आहे, तो यावर पैसे घालणार नाही.

कॅसेटींचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरते. तशा कॅसेटी आधी एका भंगार टेपरेकॉर्डरवर मऊ कापड धरून पुढे-मागे फिरवल्या, चांगल्या यंत्रात घातल्या नाहीत. काहींचा फेल्टचा दाब-तुकडा डिंक सुकून पडला होता. त्यांची रिळं दुसऱ्या, स्क्रूच्या कवचात घातली. अल्कोहोल धातूच्या हेडला आणि टेप ओढणाऱ्या दांड्याला (कॅप्स्टन) चालतं, टेप त्यावर दाबणाऱ्या पिंच रोलरच्या रबराला नाही. तिथे ओलसर कापड पुरतं.

मग इंटरफेस, म्हणजे टेपचा आवाज संगणकात नेणारं उपकरण. माझ्याकडे दोन इनपुटचा होता. आधी दोन ट्रॅक, मग पुन्हा सुरुवातीपासून दुसरे दोन, आणि नंतर संगणकात जोडायचे, असा सल्ला सर्रास मिळतो. बोलण्याच्या रेकॉर्डिंगला तो चालेलही. गाण्यात नाही चालत. टेपचा वेग दर फेरीला किंचित वेगळा असतो, तोही एकसारखा वेगळा नव्हे, सतत हलणारा. मिनिटाभरात पेटी आणि तबला एकमेकांचे हात सोडतात. चारही ट्रॅक एकाच फेरीत घ्यावे लागतात. मित्राकडून चार लाइन इनपुटचा इंटरफेस उसना आणला आणि यंत्राच्या मागच्या चार टेप आऊटमधून चार वायरी थेट त्यात. यंत्राच्या मिक्सरमधून मुळीच न्यायचं नाही.

ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सुचवते. मी तेच धरलं. चार ट्रॅक मिळून मिनिटाला साधारण ३५ एमबी जागा लागते. सवय मोडायला त्रास झाला तो लेव्हलचा. टेपवर हिस दाबायला काटा लाल रंगात नेऊन भरायची आमची पद्धत, कारण टेपवर आवाज फाटतानाही जरा गोडच फाटतो. डिजिटलमध्ये शून्याच्या वर काही नसतं, तिथे आवाज करवतीनं कापल्यासारखा तुटतो. आणि २४ बिटला खालचा तळ इतका शांत असतो की लाल रंगाजवळ जायची गरजच पडत नाही. मोठ्यात मोठा ठोका उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेवला आणि विसरलो.

खरा गुंता पट्टीचा झाला. नवा बेल्ट, जुनी मोटर, वेग मूळचा आहे कशावरून? सहा टक्के वेग वाढला की काळी एकचं गाणं पांढरी दोनवर जातं. एक टक्का म्हणजे सतरा सेंट (शंभर सेंटचा एक अर्धस्वर), तेवढंही सराईत कानाला टोचतं. पेटीशी ताडून बघावं तर ती मधल्या काळात दोनदा सुरात लावून घेतलेली. तानपुरा इलेक्ट्रॉनिक, पण त्याची पट्टी हाताच्या खुंटीनं लावायची, म्हणजे पुरावा शून्य. एका मित्राच्या मुलानं, जो ऑडिओचं शिकतो, छान युक्ती सांगितली: “काका, विजेचा हम शोधा. तो ५० हर्ट्झच असणार.” शोधला, सापडला. आवाजाच्या ट्रॅकवर ट्रान्सफॉर्मरची ती गुरगुर होतीच, ५० आणि १०० हर्ट्झवर स्पष्ट रेघा. पण त्याला आपल्या नव्वदच्या दशकातली वीज माहीत नव्हती. तेव्हा मागणी वाढली की ग्रीडची वारंवारता ४८-४९ पर्यंत खुशाल घसरायची. दराची नवी पद्धत २००२ नंतर आली तेव्हा तिला शिस्त लागली. साडेअठ्ठेचाळीसला पन्नास समजलो असतो तर तीन टक्के, म्हणजे अर्ध्या पट्टीची चूक पक्की.

शेवटी ज्याला आम्ही नाकं मुरडायचो तो कॅसिओच कामाला आला. डिजिटल कीबोर्डच्या सुराचा उगम स्फटिकात असतो, तो थंडी-वाऱ्यानं हलत नाही आणि वरचा ‘ए’ ४४० वरच देतो. ज्या तुकड्यात कॅसिओ होता तिथे ट्यूनरनं वेग मोजला: टेप पाऊण टक्का सावकाश चालत होती. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्ले रेट तेवढा वाढवला, ‘पिच जपा’ ही खूण काढून. ती राहिली तर पट्टी तशीच राहून फक्त लय बदलते, आणि संगणक मधल्या मध्ये आवाज शिवत बसतो तो ऐकू येतो. त्याच कॅसेटवरचे कॅसिओ नसलेले तुकडेही त्याच हिशेबानं सुधारले. ज्या दोन कॅसेटींवर कॅसिओ अजिबातच नव्हता, त्या अंदाजानं, आमच्या गायिकेला फोनवर ऐकवून, “हो, मी एवढ्याच उंच गायचे” असं ती म्हणाली तिथे सोडल्या.

हिस काढणारी साधनं आता फुकटातही चांगली मिळतात. फक्त त्यांना तानपुरा कळत नाही. जवारीचं जे धूसर, सतत झिरपणारं झळझळणं असतं ते त्यांना गोंगाटच वाटतं. जोरात लावली तर तानपुऱ्याची नुसती तार उरते आणि मागे पाण्याखाली कुणी शिट्ट्या घालतंय असा बारीक आवाज येतो. हिसचा नमुना वाजवणं सुरू होण्याआधीच्या कोऱ्या टेपवरून घ्यायचा, तानपुरा सुरू झाल्यानंतरचा कधीच नाही, आणि चार-पाच डेसिबलवर थांबायचं. पेटीच्या भात्याचा श्वास मी ठेवला. एक स्कूटरचा हॉर्न मात्र काढला. त्याच्या रेघा संगणकावरच्या आवाजाच्या चित्रात इतक्या सरळ दिसतात की पेन्सिलची ओळ खोडावी तसा तो निघाला.

मिक्सिंगबद्दल सांगण्यासारखं फार नाही. चारच ट्रॅक होते आणि भरताना आम्ही ठरवूनच भरलं होतं.

एका प्रवेशाला तबला मात्र टेपवर नव्हताच. तो रंगमंचावर प्रत्यक्ष वाजायचा आणि नव्या प्रयोगात ते शक्य नव्हतं. वादक मित्र घरी आला. चाटेवर एसएम ५७, डग्ग्यावर उसना दुसरा माइक. बफर, म्हणजे संगणक एका वेळी साठवून घेतो तो आवाजाचा तुकडा, १२८ नमुन्यांवर आणला, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला तीन मिलिसेकंदांच्या आत. येण्याजाण्याचं धरून त्याहून जास्त, पण बोटाला जाणवेल इतकं नाही. १०२४ वर असताना तो म्हणाला होता, “अरे, माझा हात मलाच उशिरा ऐकू येतोय.” लय मोजणारी क्लिक लावली नाही. जुनी पेटी तिच्या मर्जीनं श्वास घेत लय खेचते आणि सोडते, तिला चौकटीत बसवायचं तर पेटीच कापावी लागली असती. तो डोळे मिटून पेटीच्या मागे गेला. पट्टी आधीच नक्की केलेली असल्यानं दायाँ एकदाच लावावा लागला. हे काम उलट्या क्रमानं केलं असतं तर गठ्ठे ठोकत रात्र गेली असती.

आता इतर जुन्या मंडळींचे फोन येऊ लागले आहेत, आमच्याही कॅसेटी करून दे म्हणून. करतो. आणून देण्याआधी लेबलवर डीबीएक्स लिहिलंय का ते बघा, कुठल्या यंत्रावर भरली ते आठवत असेल तर चिठ्ठी घाला, आणि कॅसेट घरच्या टेपमध्ये ‘एकदा वाजतेय का बघू’ म्हणून घालू नका.