बेरीज 56

शनिवार, 27 नोव्हेंबर 2021
लिंकन, नेब्रास्का

काल आयोवा विद्यापीठानं आम्हाला, म्हणजे आमच्या नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमला, 28-21 हरवलं आणि सीझन संपला. 3 विजय, 9 पराभव. रात्री झोप येईना, म्हणून उठून वहीत आकडे मांडत बसलो. नऊ पराभवांतला फरक असा: 8, 7, 3, 3, 7, 5, 9, 7, 7. बेरीज 56. आणि ऑक्टोबरात नॉर्थवेस्टर्नला आम्ही एका मॅचमध्ये 49 गुणांनी लोळवलं होतं! बारा मॅचमध्ये केले 335, दिले 272. बेरीज पुन्हा केली, तीच आली. 63 गुण जास्त करणारी टीम नऊ वेळा हरली.

मी कोल्हापूरचा. फुटबॉल म्हटलं की शाहू स्टेडियम आणि पेठापेठांतली ईर्षा. चेंडू हातात घेऊन पळायचा हा फुटबॉल इथं विद्यापीठात शिकायला आल्यावर कळला, पण ईर्षा ओळखीची निघाली. 2016 नंतर एका सीझनलाही पराभवांपेक्षा विजय जास्त झालेले नाहीत, तरी 1962 पासूनची आमच्या मेमोरियल स्टेडियमची हाऊसफुल्लची परंपरा तुटलेली नाही.

काल तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही 21-6 पुढे होतो. शेजारच्या सीटवर नेहमीचे आजोबा, कानात रेडिओची वायर. चौथ्या क्वार्टरमध्ये आमचा पंट अडवला. प्रयत्न संपत आले की चेंडू लाथेनं लांब धाडतात, तोच हा पंट. चेंडू पायाला लागला आणि लगेच समोरच्याच्या अंगावर आदळला. धप् धप्, असे दोन आवाज अगदी लागून आले. दुसरा यायला नको होता. आयोवाचा पोरगा चेंडू उचलून टचडाऊनला, म्हणजे आमच्या टोकाच्या गुणरेषेपलीकडे, पोचला. आजोबांनी कानातली वायर काढली, बोटाला गुंडाळली आणि कोटाच्या खिशात ठेवून दिली. खरं तर तेव्हाही आम्हीच पुढे होतो! पण सप्टेंबरात मिशिगन स्टेटविरुद्ध पंटनंच घात केला होता, तो त्यांच्या मनातून गेला नसावा. माझ्याही गेला नव्हता.

चाळीस गुणांनी हरलो असतो तर निमूटपणे घरी आलो असतो. पण मिशिगनशी 3 गुणांनी हरायचं, ओहायो स्टेटसारख्या टीमला शेवटपर्यंत झुंजवायचं, आणि दर वेळी एकच चूक नेमकी नको तेव्हा व्हायची, हे फार लागतं. या पोरांना फालतू म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. फालतू टीम पंधरा गुणांची आघाडी घेतच नाही. एकोणीस-वीस वर्षांची पोरं आहेत ती. काल मैदान सोडताना एक जण हेल्मेट न काढताच आत गेला. चेहरा दाखवायचा नसेल त्याला.

जिन्यावर आजोबांचा हात धरला होता. खाली आल्यावर म्हणाले, "पुढच्या वर्षी हीच सीट ना?"

मे महिन्यात माझं शिक्षण संपतंय. मी हो म्हणालो.