ही गाडी अजून पास होते कशी?

शाळेच्या फाटकाशी गाडी लावली की पालकांपैकी कुणीतरी विचारतंच, "टीचर, ही अजून पासिंगला पास होते कशी?" पोंबुर्प्याच्या फेरीबोटीवरच्या मुलाने तर गेल्या खेपेला आधी खाली वाकून बघितलं आणि मग विचारलं. घाईत मी "होते कशीतरी" म्हणून सुटका करून घेते. तुम्ही विचारलंत ते तुमच्याही दारात २००८ ची गाडी गंजत उभी आहे म्हणून. तेव्हा जरा सविस्तर सांगते.

माझी मारुती ८०० आहे, २००४ ची. सासऱ्यांनी निवृत्तीच्या पैशांतून नवी घेतली होती. २०१९ मध्ये पंधरा वर्षं भरली आणि नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवली, तेव्हा मूळ फी ६०० रुपये होती. २०२२ च्या एप्रिलपासून ती ५,००० झाली, म्हणून २०२४ मध्ये तेवढे भरले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षं ओलांडलेल्या मोटारीला १०,००० केले. म्हणजे २०२९ मध्ये दहा हजार मोजायचे, तोवर गाडी राहिली तर. इंजिनाची मला काळजी नाही. ७९६ सीसीचं ते तीन सिलिंडरचं इंजिन कुठलाही फिटर डोळे मिटून खोलतो, आणि कंपनीने ही गाडी २०१४ मध्ये बंद केली तरी म्हापशात सुटे भाग मिळतात. घोर आहे तो पत्र्याचा. आम्ही गोव्यात मांद्र्याला राहतो, रात्री निजताना समुद्र ऐकू येतो. ऐकायला बरं वाटतं, पण तीच हवा गाडी खाते.

पहिली चूक मी २०१६ मध्ये केली. ड्रायव्हरच्या दाराखाली, रनिंग बोर्डवर, रंगाला फोड आले होते. एका गॅरेजवाल्याने लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरून, घासून, वर रंग मारून दिला. चतुर्थीला गाडी इतकी चकचकीत की नणंदेने नवी घेतली का म्हणून विचारलं. पुढच्या पावसात त्याच जागेवरचा पापडाएवढा तुकडा हातात आला. आत नुसता भुसा. मूळ लोखंडापेक्षा गंजाला जागा जास्त लागते, त्यामुळे वर काहीही थापलं तरी तो ते उचलून फेकतो. वर लांबी पाणी शोषून धरते, म्हणजे ओल्या जखमेवर ओला कापूस.

माझे बाबा चोडणचे, पोंबुर्प्याहून फेरीने जातात त्या बेटावरचे. सगळी नोकरी मांडवी नदीतल्या बार्जवर गेली, खनिज वाहून नेणाऱ्या बोटींवर. त्या तुकड्याकडे बघून ते म्हणाले, "रंग कोणी दिला ते सांगितलंस. खरवडलं कोणी?" बार्जवर म्हणे चिपिंगला, म्हणजे गंज ठोकून खरवडायला, तीन दिवस लागायचे आणि रंगाला अर्धा दिवस. मग जरा चिडून, आणि बाबा चिडले की कोकणीत बोलतात, "उदक खंयच्यान येता तें पयलीं पळय, बाय." पाणी कुठून येतं ते आधी बघ.

मग आम्ही ते बघितलं. यजमान टॉर्च घेऊन गाडीत डॅशबोर्डखाली आडवे, बाबा बाहेरून काचेवर विहिरीचं पाणी ओततायत, मी मध्ये उभी राहून दोघांचं ओरडणं एकमेकांना पोचवतेय. वायपरच्या खाली जाळी असते ना, तिच्या आत पाण्याची पन्हळ असते. तिचं तोंड सुरूच्या सुयांनी गच्च बसलं होतं. आमच्या अंगणाला लागून सुरूची झाडं आहेत. दोन मुठी भरून सुया निघाल्या, खाली काळी माती झालेल्या. बाहेर जायला वाट नाही म्हणून पाणी आत उतरत होतं, कार्पेटच्या खालच्या फेल्टमध्ये. ते फेल्ट जून ते ऑक्टोबर स्पंजासारखं भिजलेलं राहत असणार. आम्ही ते उचललं तर खाली ड्रायव्हरच्या पायाशी चाळण. अंगणातले चिरे दिसत होते.

तेव्हापासून माझा बराचसा खर्च वेळेचा आहे, पैशांचा कमी. मिरगाच्या आधी जाळी काढून सुया उपसायच्या. प्रत्येक दाराच्या तळाला पाणी निथळायला बारीक भोकं असतात, ती केसांच्या पिनेने मोकळी करायची. काच खाली केली की तिच्यावरून पाणी दारात जातंच, ते अडवता येत नाही, फक्त बाहेर काढता येतं. पावसाळाभर कार्पेट माळ्यावर, गाडीत नुसत्या रबरी मॅट. शिक्षण खात्यातल्या एका बाईंना मी लिफ्ट दिली तेव्हा त्यांनी खाली उघडा पत्रा बघून पाय वर घेतले होते. असो. निळी ताडपत्री गाडीवर अजिबात टाकायची नाही. खालच्या जमिनीची वाफ तिच्याखाली कोंडते आणि सकाळी गाडी आतून घामेजलेली असते. त्यापेक्षा चारी बाजूंनी उघडं छप्पर बरं.

मिठाचं वेगळं सांगायला हवं. साध्या पाण्यानेही लोखंड गंजतं, पण खारं पाणी वीज जास्त चांगली वाहून नेतं आणि गंजणं हा शेवटी विजेचाच बारीक खेळ आहे. शिवाय मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे ऊन पडलं तरी तो कोपरा दमटच राहतो. माझ्या गाडीला मीठ तीन वाटांनी येतं. वाऱ्याने येतं, त्याला इलाज नाही. माहेरी जाताना फेरीच्या धक्क्यावरून येतं, भरतीच्या वेळी उतारावर पाणी चढलेलं असतं आणि चाकं त्यातूनच जातात. आणि डिकीतून, हे सांगायला लाज वाटते, बांगड्यांच्या पिशवीतून. बर्फाचं पाणी गळून स्टेपनीच्या खळग्यात साचायचं. आता मासळी बादलीत, झाकण लावून. चोडणहून आलं की त्याच संध्याकाळी गाडीच्या पोटावर पाइप धरायचा, विशेषतः चाकांच्या कमानीत आतून. मात्र पाणी विहिरीचं. आमच्या शेजाऱ्यांची बोअर खारी आहे. ते दर रविवारी मोठ्या निष्ठेने त्याच पाण्याने गाडी धुतात.

बाबांनी मला एकदा मांडवीत बार्ज दाखवली होती, लाल ढिगाऱ्याने भरलेली, मुरगाव बंदराकडे निघालेली. म्हणाले, ह्या मातीत लोखंड आणि हवेतला प्राणवायू एकत्र बसलेत. भट्टीत घालून त्यांना वेगळं करतात, आणि संधी मिळाली की ते पुन्हा एकत्र येतात. तुझ्या गाडीचा भुसा हाताला लाल लागतो, आणि ह्या ढिगाऱ्याची धूळही. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि बार्जी काठाला उभ्या राहिल्या, तेव्हा ते रोज बघून यायचे. चालती बार्ज माणसांच्या नजरेखाली असते, उभीला कोणी बघत नाही, असं त्यांचं म्हणणं. मीही उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन दिवसाआड गाडी म्हापशाला नाहीतर निदान हरमलपर्यंत नेऊन आणते.

गंज थांबवणारी म्हणून बॅटरीला जोडायची एक डबी विकतात, त्याबद्दल तुम्ही विचारलं होतंत. घेऊ नका. बार्जच्या पोटाला जस्ताचे ठोकळे लावतात, आधी ते झिजतात आणि लोखंड वाचतं. पण ते चालतं कारण बार्ज चोवीस तास पाण्यात असते. गाडी हवेत उभी असते, तिथे विजेचं ते मंडळ पुरं होत नाही, म्हणून डबीचाही उपयोग नाही.

आता पैशांचं. हातात थोडे असतील तर पहिले ब्रेकच्या पाइपांवर घाला. ते पोलादी असतात, पत्र्याला जिथे क्लिपने धरलेले असतात तिथे माती साठून खायला लागतात, आणि फुटले की पेडल खाली जातं. माझे २०२१ मध्ये बदलले. ब्रेक ऑइलही दर दोन वर्षांनी, कारण ते स्वतःच हवेतली ओल शोषतं. त्यानंतर रनिंग बोर्ड आणि फ्लोअर. ह्या गाडीला जीपसारखी वेगळी चॅसी नाही, पत्र्याची पेटी हीच चॅसी. त्यामुळे दाराखालचा पत्रा दिसायला किरकोळ असला तरी वजन तोच पेलतो. मडगार्डाच्या कडा, डिकीचं झाकण, पोचे हे सगळ्यात शेवटी, किंवा कधीच नाही. माझ्या डाव्या मडगार्डाला बोटभर भोक आहे आणि मी त्याला तसंच राहू दिलंय. आजूबाजूचं घासून प्रायमर मारला की बस.

टिंकरवाला, म्हणजे पत्र्याचं काम करणारा, माझा ठरलेला आहे. त्याच्यापाशी मी उभीच राहते, कारण जुन्यावर नवा पत्रा झाकणं सोपं आणि ते कोणीही करतो. खाल्लेला भाग चकाकता पत्रा लागेपर्यंत कापायचा, मग तुकडा वेल्ड करायचा. वेल्डिंगच्या आचेने आतल्या बाजूचा रंग जळतो, हे बहुतेक जण विसरतात आणि वर्षभरात गंज आतून येतो. म्हणून रेड ऑक्साइडचा प्रायमर दोन्हीकडून, आणि जिथे हात जात नाही तिथे भोकातून पातळ मेण फवारायचं. जळकं इंजिन ऑइल फासायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. आमच्या वाड्यावर तो कायदाच आहे. पण त्याने सस्पेन्शनचे रबरी बुश फुगतात, आणि ते गळतं ते विहिरीपासून दहा पावलांवर.

थांबायचं कधी, हेही ठरलंय. बॉनेट उघडलं की पुढच्या दोन्ही बाजूंना सस्पेन्शनचा खांब जिथे वर येऊन टेकतो, तो घुमट. तो सडला की ठिगळ लावून मी शाळेत जाणार नाही, पासिंगवाल्याने पास केली तरी.

काल रविवारी स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन वर्षाची ठोकाठोकी केली. घुमट दोन्ही टणटणीत. रनिंग बोर्ड ठीक. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीत मात्र एका जागी आवाज ढब्ब आला. बाबांना फोनवर ठोकून ऐकवलं. ते म्हणाले, पुन्हा ठोक. पुन्हा ठोकलं. म्हणाले, मिरगाच्या आधी कापून घे. टिंकरवाला बुधवारी ये म्हणालाय, तोवर सुया उपसून ठेवते. ह्या वेळी तीन मुठी निघतील असं दिसतंय.