मॉरिशसचा नैऋत्य कोपरा भाड्याच्या गाडीने: खानदेशातून जाणाऱ्यांसाठी

आपल्याकडचे लोक मॉरिशसला जातात ते बहुधा उत्तरेच्या ग्रां बेला किंवा पूर्वेकडच्या रिसॉर्टात उतरतात. एक दिवस बसने 'साऊथ टूर' होते, त्यात क्युरपिप, गंगा तलाव आणि शामारेल सगळं एका दमात उरकतं. आम्ही उलट केलं. आम्ही दोन जोडपी होतो, एक यावलचं आणि दुसरं माझ्या साडूंचं, साक्रीचं. सगळा मुक्काम नैऋत्येला ला गोलेत या गावात टाकला आणि उत्तरेकडे फिरकलोच नाही. मॉरिशसमधल्या ज्वालामुखीच्या खुणा बघायच्या असतील तर माझ्या मते हाच कोपरा. नुसता समुद्र हवा असेल तर उत्तर बरी.

आधी कागदपत्रं. आपल्या पासपोर्टवर तिथे उतरल्यावर व्हिसा मिळतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. मात्र निघण्याआधी त्यांचा प्रवासी फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग हाताशी ठेवा. गाडीसाठी आंतरराष्ट्रीय परवाना काढा. जळगाव, धुळे, नंदुरबार, जिथलं लायसन्स असेल त्या आरटीओत अर्ज करायचा. फी हजार रुपये, मुदत एक वर्ष, आणि मूळ लायसन्सही सोबत न्यायचंच. सुटण्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत हे काम ठेवू नका.

खाण्याचं म्हणाल तर शेव, चिवडा, चकल्या खुशाल न्या. भरताची वांगी, हिरव्या मिरच्या, बियाणं, रोपं मात्र नाही. ते बेट शेतीच्या किडी-रोगांना फार जपतं आणि विमानतळावर पिशव्या उघडल्या जातात. आमच्या घरात यावरून थोडा वाद झाला, शेवटी वांगी घरीच राहिली.

मुंबईहून साधारण सहा तासांचं विमान. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. गाडी विमानतळावरच ताब्यात मिळते. तिथेही वाहतूक डावीकडूनच असल्यामुळे आपल्या माणसाला युरोप-अमेरिकेसारखी धास्ती नाही. चौघांना छोटी हॅचबॅक पुरते, पण ऑटोमॅटिक घ्या आणि डिकी किती मोठी ते आधी विचारा. आपल्या बॅगा बॅगा नसतात, गाठोडी असतात. डिपॉझिट क्रेडिट कार्डवर अडकवतात आणि कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. विम्यात टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग येतो का, हे सही करण्याआधी विचारून घ्या, बहुतेक वेळा येत नाही. गाडीच्या चारी बाजूंचा व्हिडिओ काढा, तोही देणाऱ्या माणसाच्या देखत.

रस्ते चांगले आहेत, पण गावांतून फार अरुंद. बाजूला साइडपट्टी नाहीच. डांबर संपलं की लगेच उघडी गटार, तिच्यापलीकडे ऊस. समोरून बस आली की आपलं डावं चाक कुठे आहे हे ठाऊक असावं. मोठ्या सर्कलमध्ये उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि हे सगळे पाळतात. झेब्रा क्रॉसिंगवर माणूस दिसला की थांबायचं. हॉर्न कोणी वाजवत नाही. साडूंचा हात पहिल्या दिवशी सारखा हॉर्नकडे जायचा. वेगाचे कॅमेरे जागोजागी आहेत. हायवेवर काही भागात ११० पर्यंत चालतं, वस्तीत बरंच कमी, पाट्या बघत राहा. अंधारात कुत्री आणि बिनदिव्याच्या सायकली असतात, त्यामुळे दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोचा. जून-जुलैत तिथे हिवाळा असतो, पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो.

विमानतळापासून उसातून पश्चिमेकडे निघालं की शेताशेतात काळ्या दगडांचे ढीग दिसू लागतात, काही ठिकाणी पायऱ्यांसारखे रचलेले. उसासाठी जमीन मोकळी करताना मजुरांनी हाताने वेचलेले हे दगड. हिंदुस्थानातून १८३४ पासून जे गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, तिथे नेले गेले, त्यांच्यातल्या अनेकांचे हात या ढिगांना लागलेत.

दक्षिण टोकाला सुयाक गावाजवळ ग्री-ग्री हा किनारा आहे. मॉरिशसभोवती बहुतेक ठिकाणी पोवळ्यांची रांग समुद्र अडवते, म्हणून किनाऱ्यालगतचं पाणी तळ्यासारखं शांत असतं. इथे ती रांग तुटलेली आहे. लाटा थेट काळ्या कड्यावर येऊन फुटतात. पोहायचं नाव काढू नका, तशा पाट्याही आहेत. कड्याच्या दगडात बुडबुड्यांची भोकं दिसतात, लाव्हा थिजताना आतला वायू निसटल्याची. साडूंनी वाकून हात फिरवला आणि म्हणाले, "भो, हाऊ खडक ते आपलाच शे." साक्रीला त्यांच्या विहिरीत हाच काळा पाषाण लागला होता, फोडता फोडता दोन उन्हाळे गेले. फरक एवढाच की आपल्याकडच्या दगडात त्या भोकांमध्ये पांढरे स्फटिक भरलेले असतात, तिथली बरीचशी अजून रिकामी आहेत. तिथला दगड वयाने फार लहान.

साडू बोलले ते गमतीत, पण खोटं नव्हतं. आज मॉरिशसच्या शेजारी, सव्वादोनशे किलोमीटरवर, रेयुन्यों बेटावर ज्वालामुखी जागा आहे. त्याच्याखाली पृथ्वीच्या पोटात जो तापलेला ठिपका आहे, त्याच्यावरूनच सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपला भूभाग सरकत होता. दख्खनचा काळा कातळ, सातमाळ्याचे आणि अजिंठ्याचे डोंगर, साक्री-नंदुरबारच्या शेतांतून सरळ रेषेत धावणाऱ्या काळ्या भिंतींसारख्या टेकड्या, हे सगळं त्याच आगीचं, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भूभाग उत्तरेला सरकत गेला, मागे लक्षद्वीप, मालदीव अशी रांग पडत गेली आणि सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस पाण्यावर आलं. हे जाण्याआधी वाचून ठेवा. नाहीतर शामारेल म्हणजे नुसती रंगीत माती वाटते आणि तिकिटाचे पैसे अंगावर येतात.

सुयाकजवळच रॉचेस्टर धबधबा आहे. उंची बेताची, पण दगडाचे चौकोनी खांब सुंदर. शेवटचा रस्ता उसातला, खड्ड्यांचा. गाडी अलीकडे ठेवून चालत जा. वाटेत काही मुलं आपणहून 'गाइड' होतात आणि मग पैसे मागतात, नको असेल तर सुरुवातीलाच हसून नाही म्हणा. पुढे बे द्यु काप, माकोंदचं वळण, मग ल मोर्न. तो ५५६ मीटरचा कडा लांबूनच ओळखू येतो. गुलामगिरीतून पळालेले लोक त्याच्या माथ्यावर लपत, म्हणून २००८ मध्ये त्याला जागतिक वारशात घेतलं. चढायचं असेल तर भल्या सकाळी निघा. अर्धी वाट सोपी, वरचा भाग हाताने धरून चढायचा आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी खालच्या सार्वजनिक किनाऱ्यावर बसावं. रिसॉर्टांमुळे दबून जाऊ नका, वाळूवर सगळ्यांचा हक्क आहे.

शामारेलला काझ नोयालहून चढलो. घाट छोटा पण खडा, वळणं आखूड. कन्नडचा घाट ज्याने चालवलाय त्याला अवघड नाही, फक्त चढताना खालचा गिअर आणि उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. पेट्रोल खालीच भरा. भाव बेटभर सारखाच असतो, त्यामुळे स्वस्त पंप शोधत हिंडण्यात अर्थ नाही.

तिथे सकाळी उघडतानाच पोचा. टूरच्या बसेस आल्या की कठड्याला उभं राहायला जागा नसते. आधी धबधबा लागतो, मग ती सात रंगांची जमीन: तांबडी, तपकिरी, जांभळी, निळसर, पिवळी. ऊन हवं, ढगात रंग मरतात. मी शेतकरी, म्हणून मी तिथे सगळ्यांपेक्षा जास्त वेळ उभा राहिलो. ही कुजलेल्या काळ्या दगडाचीच माती. आपल्याकडे त्याच दगडाची काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी, पाणी धरून ठेवणारी जमीन झाली, कारण पाऊस कमी. जळगावात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, मॉरिशसच्या मधल्या पठारावर त्याच्या चार-पाच पट. एवढ्या पावसाने चुना, मॅग्नेशियम, सिलिका सगळं धुऊन गेलं आणि लोह-ॲल्युमिनियमचे ऑक्साइड मागे राहिले. त्यांचेच ते रंग. दिसायला देखणी, पण त्या उघड्या उंचवट्यांवर गवतसुद्धा उगवत नाही. आमच्या बायकांना शेजारची मोठी कासवं जास्त आवडली, तेही रास्तच.

वरून प्लेन शाम्पान्यचा जंगलरस्ता धरला. ब्लॅक रिव्हर दरीचा कठडा, मग अलेक्झांड्रा धबधबा. दोन्हीकडे माकडं आहेत, खाऊची पिशवी गाडीतच ठेवा. किनाऱ्यावर ऊन असलं तरी इथे धुकं आणि बारीक पाऊस असतो, स्वेटर लागतो. पुढे गंगा तलाव. हे मूळचं ज्वालामुखीचंच तोंड, त्यात पाणी साचलंय. रस्त्याला ३३ मीटरचे मंगल महादेव उभे आहेत. घाट स्वच्छ, शांत. महाशिवरात्रीला मात्र बेटभरातून लोक कावडी घेऊन पायी येतात, त्या आठवड्यात गाडी घेऊन इकडे येऊच नका.

तिथे एक म्हातारे गृहस्थ भेटले. पणजोबा रत्नागिरीकडून आलेले. मराठी अडखळत, पण बोलले. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते हे त्यांनी अभिमानाने सांगितलं आणि कास्कावेलला मराठी लोकांची मोठी वस्ती आहे, तिथे जा म्हणाले. आमचं जाणं झालं नाही. गणपतीच्या दिवसांत जाणाऱ्यांनी जरूर जावं.

जेवणाची शाकाहाऱ्यांना चिंता नाही. रस्त्यावरची ढोल पुरी म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचा पातळ, मऊ मांडाच, फक्त गोड नाही. जोडीनेच विकतात, आत घेवड्याची रस्सेदार भाजी, टोमॅटोची चटणी आणि विचारलं तर मिरची. मिरची खरी तिखट असते, खानदेशी म्हणून मिरवू नका. डाळीचे छोटे वडेही सकाळी मिळतात. त्यांचा रुपया आपल्या दोन रुपयांपेक्षा थोडा कमी, त्यामुळे हिशेब तोंडी होतो. हॉटेलं महाग आहेत, म्हणून स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या. केळी बोटाएवढी आणि गोड असतात. रावेरच्या माणसाला ती केळी वाटणार नाहीत, पण चव चांगली आहे.

कधी जावं? जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे महिने, टाळा. मे ते ऑक्टोबर हवा थंड, पण दक्षिणेला वारा फार. आपल्या उन्हाळी सुट्टीचा मे महिना सोयीचा.

परतीच्या दिवशी क्युरपिपचं त्रू ओ सेर्फ करा. गावाच्या माथ्यावर झाडांनी भरलेलं विवर, कडेने गाडीरस्ता, तिकीट नाही. क्युरपिपच्या बाजूला कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ ट्रॅफिक तुंबतो, विमानाच्या आधी चांगला वेळ हाताशी ठेवा. गाडी परत करताना टाकी जितकी मिळाली तितकीच भरा, पावतीवर सही घ्या, आणि डिपॉझिटचे पैसे कार्डवर सुटायला काही दिवस लागतात हे धरून मुंबईतल्या खरेदीला दुसरं कार्ड वापरा.