निळं रक्त आणि बफरच्या गोळ्या

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या, मुलांना रक्ताची स्लाइड वाचायला शिकवते. मुलं बावीस, मायक्रोस्कोप सहा. बोट टोचायला घाबरणं आठवड्यात संपलं, महिनाभरात बहुतेकांचे स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेले रक्ताचे थर, जिभेच्या आकाराचे आणि पातळ येऊ लागले. आम्ही अडलो ते पाण्यावर. खरं तर स्टोअरच्या खिडकीवर.

लिशमन या रक्त रंगवायच्या स्टेनचं काम सोपं असतं. स्टेन ओतून दोन मिनिटं थांबायचं, मग त्याच्या दुप्पट बफरचं, म्हणजे पीएच (आम्ल-अल्कपणाचा आकडा) ठरावीक राखणारं, पाणी घालून आठ-दहा मिनिटं. हे पाणी ६.८ पीएचचं लागतं. आमच्या पाण्यात विरघळवायच्या बफरच्या गोळ्या संपलेल्या होत्या, म्हणून मी म्हटलं, तोवर नळाच्या पाण्यावर भागवू. आमचा नळ म्हणजे बोअर. त्या पाण्यानं चहाच्या पातेल्यालासुद्धा पांढरा थर धरतो.

स्लाइडी निळ्याशार आल्या. तांबड्या पेशीही निळसर. मी मुलांवरच घसरले. स्टेन जास्त वेळ ठेवलात, धुतलं नाहीत, घड्याळाकडे लक्ष नाही. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, इओसिनोफिल एकपण सापडंना." या लालसर दाण्यांच्या पांढऱ्या पेशी अ‍ॅलर्जीत वाढतात. रक्त तिचंच होतं आणि ती बारा महिने शिंकणारी. "शंभर पांढऱ्या पेशी नीट मोज," म्हणून मी तिला परत बसवलं. संध्याकाळी स्वतः बसून मोजल्या. मलाही शून्य. मग दोन पाकळ्यांचं केंद्रक असलेल्या काही पेशी दिसल्या, दाणे मात्र करडे. आम्ही दोघींनी त्या न्यूट्रोफिलमध्ये, म्हणजे दुसऱ्याच जातीच्या पांढऱ्या पेशींत, धरल्या होत्या. पीएचचा कागद पाण्यात बुडवला, तो आठच्या पुढे गेला. अल्कधर्मी पाण्यानं सगळं निळं केलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर तिची माफी मागितली, ते बरं केलं.

आता स्टोअर. ऑगस्टात गोळ्यांसाठी इंडेंट (मागणीपत्र) दिला, तीन प्रतींत. स्टोअरचे भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, पाणी ते पाणीच असतंय की." मी निळी स्लाइड दाखवली, त्यांनी ती उजेडाकडे धरून "छान दिसायली" म्हटलं. मग तीन कोटेशनं हवीत असं कळलं. वस्तू पाचशे रुपयांच्या आतली! कोटेशनं आणली, तर एकावर शिक्का नव्हता. शिक्का आणला, तर प्राचार्यांची सही राहिली होती. सही झाली, तोवर भाऊसाहेब भाचीच्या लग्नाला गेले. दिवाळी आली, गेली. मी रोज दुपारी त्या खिडकीपाशी उभी राहायचे आणि आत फायलींवर चहाच्या कपाची वर्तुळं मोजायचे. एवढ्या वेळात पेशी मोजल्या असत्या, तर पन्नास रिपोर्ट झाले असते.

शेवटी एका मुलानंच विचारलं, "मॅडम, शेजारच्या सीनियर कॉलेजात केमिस्ट्रीला मागून बघू का?" तिथल्या सरांनी दोन बरण्या काढून दिल्या, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. पहिलं लिटरला ९.१ ग्रॅम, दुसरं ९.५ ग्रॅम, दोन्ही डिस्टिल्ड पाण्यात वेगवेगळं विरघळवायचं. मग पहिल्याचे ५०.८ मिली आणि दुसऱ्याचे ४९.२ मिली एकत्र, म्हणजे जवळजवळ निम्मं-निम्मं, की ६.८ झालं. एवढंच होतं ते! तीन महिने मी खिडकीवर होते.

त्याच मुलीची नवी स्लाइड लावली. तेल टाकलं, शंभरची लेन्स फिरवली आणि ती ओरडलीच, "मॅडम, डाळिंबाचे दाणे!" शंभरात अकरा निघाले. बावीसजण रांगेनं बघून गेले.

तेलावरून आठवलं. तेल टाकल्यावर चाळीसची लेन्स परत फिरवू देऊ नका, ती तेलात बुडते आणि मग आठवडाभर सगळं धूसर दिसतं. पावसाळ्यात स्टेनची बाटली उघडी ठेवू नका. त्यातलं मिथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि तांबड्या पेशींत चमकती भोकं दिसतात. मुलं त्यालाच मलेरिया म्हणतात. पेशीवर बसलेल्या प्लेटलेटलाही म्हणतात. त्यावर माझा उपाय एकच, फाइन फोकस हलवायला लावायचा. प्लेटलेट पेशीच्या वर असते, परोपजीवी आत. मलेरियासाठी मात्र ७.२ चं पाणी लागतं, ६.८ चं नाही, हे आधी सांगायला हवं होतं.

फेब्रुवारीत स्टोअरमधून निरोप आला, गोळ्या आल्या. खोका उघडला, लेबलवर पीएच ९.२. पीएच मीटर तपासायला वापरतात त्या. भाऊसाहेबांनी बफरच्या गोळ्यांत सर्वांत स्वस्त त्याच बघून मागवल्या होत्या, आणि इंडेंटवर मी आकडाच लिहिला नव्हता. तेव्हा इंडेंट लिहिताना ६.८ मोठ्या अक्षरात लिहा आणि कशासाठी तेही लिहा.

माल परत करायचा फॉर्मही तीन प्रतींतच आहे. अजून भरलेला नाही.