पाच, सहा, सात, आठ

आज साल्सा नाचाच्या क्लासात पुन्हा तेच. नवशिक्यांची बॅच, आणि तासभर एकच लांबलचक कॉम्बिनेशन: क्रॉस बॉडी लीड (पार्टनरला आपल्यासमोरून पलीकडे नेणं), मग टर्न, मग हात डोक्यावरून फिरवून आणखी काहीतरी. सरांचं "पाच, सहा, सात, आठ!" अखंड चालू. गाणं लागलं ते अगदी शेवटी, आणि मग 'एक' (पहिली मात्रा) नक्की कुठे येतो हेच निम्म्यांना कळेना. कळणार तरी कसं? तो ऐकायला कुणी शिकवलेलंच नाही.

आठ मात्रा, सहा पावलं, चौथी आणि आठवी मात्रा रिकामी, एवढं सगळेच सांगतात. पण त्या रिकाम्या जागीच तर कोंगा या उभ्या ढोलाचे दोन मोकळे ठोके घुमतात! पाय थांबतो तिथे ढोल बोलतो. एकदा ते कानात बसलं की पुढचा 'एक' आपोआप सापडतो. ही दहा मिनिटांची गोष्ट आहे, पण त्यासाठी मोजणं थांबवून गाणं लावावं लागतं.

लीडचं, म्हणजे पार्टनरला इशाऱ्याने नाचवण्याचं, तर विचारूच नका. क्लासात पुढची स्टेप फॉलो करणाऱ्यांनाही पाठ असते. त्यामुळे समोरच्याने इशारा दिला काय, न दिला काय, आम्ही वळतोच. त्याला वाटतं, जमलं! मग सोशलला (नाचाच्या पार्टीत) अनोळखी पार्टनरसोबत तोच टर्न अडतो आणि बिचारा हात आणखी जोरात ओढतो. (मनगट कुणाचं दुखतं? माझं.) स्टेप फक्त लीड करणाऱ्यांना सांगा, आम्हाला सांगूच नका. इशारा पोचतो की नाही ते तिथल्या तिथे कळेल. नाहीतर सुरुवात मेरेंगे या सोप्या नाचाने करा. दर ठोक्याला एक पाऊल, मोजायची भानगड नाही, सगळं लक्ष हाताच्या इशाऱ्यावर.

क्लास संपल्यावर सरांना हे बोलले. म्हणाले, "अहो, लोकांना दर वेळी नवीन काहीतरी लागतं. नुसतं बेसिक करून घेतलं तर पुढच्या आठवड्यात येत नाहीत." खोटं नाही म्हणणार. तेवढ्यात मागे सगळे मोबाइल काढून उभे होतेच, सरांनी कॉम्बिनेशन पुन्हा करून दाखवावं म्हणून. सरांनी दाखवलं. मोजत.