इंदूरच्या मराठी मंडळात शब्द कोणाचा चालतो

पीथमपूरच्या कारखान्यात नोकरी लागली किंवा बँकेतून बदली झाली, की पुण्या-नाशकाकडचं कुटुंब थोड्याच दिवसांत इंदूरच्या एखाद्या मराठी मंडळाचं सभासद होतं. मग गणपतीच्या बैठकीचं बोलावणं येतं. तिथे सूचना काय आहे यापेक्षा ती कोणी मांडली यावर तिचं वजन ठरतं. हे सगळीकडेच होतं, पण इथे त्याखाली दोनशे वर्षांचे थर आहेत.

१८१८च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरात आली. संस्थानच्या चाकरीतल्या घराण्यांची ओळख अजूनही आजोबांच्या हुद्द्यापासून सुरू होते. दुसरा थर गिरण्यांचा. अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, गिरणी कामगारांनी उभ्या केल्या. हुकुमचंद मिल १९९१मध्ये बंद पडली, झांकीची परंपरा मात्र टिकली. तिसरा थर अलीकडे नोकरीसाठी आलेल्यांचा. आणि जवळच्याच महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी सुभेदार रामजींच्या मराठी घरात बाबासाहेबांचा जन्म झाला. ‘इथला मराठी समाज’ म्हणताना बाबासाहेबांना मानणाऱ्या वस्त्यांतली किती घरं मंडळाच्या यादीत असतात, हे प्रत्येक कार्यकारिणीने एकदा तपासावं.

मोठ्या हुद्द्याने चूक कशी पक्की होते, हे अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ टॉरन्स यांनी १९५४मध्ये दाखवलं. विमानदलातल्या तिघा-तिघांच्या तुकड्या : वैमानिक, दिशादर्शक आणि तोफची. त्यांना घातलेलं एक कोडं असं : घोडा ६० डॉलरला घेतला, ७०ला विकला, ८०ला परत घेतला, ९०ला विकला, तर नफा किती? उत्तर २०. ते वैमानिकाला आलं, तर तुकडी बहुतेक वेळा मान्य करी. तोफचीला आलं, तर ते कितीतरी जास्त वेळा वाया जाई. कायम एकत्र उडणाऱ्या तुकड्यांत हा परिणाम अधिक होता. जुनं मंडळ ही अशीच कायमची तुकडी असते.

जोसेफ बर्जर या समाजशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यामागचं कारण मांडलं. वय, लिंग, घराणं यांचा समोरच्या कामाशी संबंध नाही असं कोणी उघड दाखवून दिलं नाही, तर गट तो संबंध आहे असंच धरून चालतो. म्हणून पुण्याहून आलेल्याच्या शुद्ध मराठीला नाटक निवडताना जो मान मिळतो, तो मंडपाच्या कंत्राटापर्यंत आपोआप जातो. खरं तर नगर निगमच्या परवानग्यांची खडान्‌खडा माहिती हिंदीमिश्रित मराठी बोलणाऱ्या रामबागेतल्या दादांना असते. उलटही होतं. साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष, कुसुमावती देशपांडे, १९६१मध्ये ग्वाल्हेरला झाल्या आणि इंदूरच्या २००१च्या संमेलनात विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या. तरीही मंडळात सनदी लेखापाल असलेल्या ताईंना आधी हळदीकुंकवाची समितीच सुचवली जाते.

यावर उपाय ठरलेला आहे : विषय सुरू होण्याआधी, त्या कामातलं त्या माणसाचं कौशल्य सचिवांनी सांगायचं. ‘या ताई बारा वर्षं लेखापरीक्षण करतात, हिशेबावर आधी त्यांना ऐकू.’ त्यांनी स्वतः सांगितलं तर ते मिरवणं वाटतं, म्हणून हे काम सचिवांचंच.

पंधरा जणांची बैठक धरू. दरपत्रकं तीन दिवस आधी पाठवा, पण कोणी आणली ते न लिहिता. बैठकीत फळ्यावर १, २, ३ असे पर्याय लिहा आणि सारख्या आकाराच्या चिठ्ठीवर फक्त आकडा लिहून घ्या. वाक्यं लिहायला सांगितलीत तर अक्षरावरून माणूस ओळखू येतो आणि चिठ्ठीचा उपयोगच संपतो. आकडे फळ्यावर मांडल्यावरच चर्चा. सर्वांत नवा सभासद आधी, अध्यक्ष शेवटी. बहुतेक ठिकाणी घोटाळा होतो तो प्रास्ताविकात : अध्यक्ष तिथेच आपला कल बोलून जातात, मग पुढचे चौदा जण त्यालाच अनुमोदन देतात. तेव्हा प्रास्ताविक सचिवांनी करावं. रात्री अकराला ‘सर्वानुमते मंजूर’ करण्यापेक्षा पैशाचा विषय पहिला घ्यावा.

आपलं मत वेगळं असेल, तर अनुमोदक आधी गाठा. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५०च्या दशकातल्या प्रयोगांत रेघांची लांबी ओळखायची होती. बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत, तेव्हा एकटा पडलेला माणूस सुमारे ३७ टक्के वेळा त्यांच्यामागे जाई. एकच सोबती खरं बोलला, की हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास येई. आपल्याकडे अनुमोदन उरकण्यापुरतं उरलंय. त्याचा खरा उपयोग इथे आहे.

आणि नव्यांनी पहिल्याच बैठकीत ‘आमच्या पुण्यात’ म्हणू नये. मानसशास्त्रज्ञ हॉलंडर यांनी १९५८मध्ये मांडलं, की गटाच्या रीतीने वागून, काम करून माणसाच्या नावे पत साठते आणि ती खर्चूनच वेगळं मत मांडता येतं. पहिल्या वर्षी पावतीपुस्तक घेऊन वर्गणीला फिरा, हिशेब वेळेत द्या, पंगतीत वाढायला उभे राहा. मात्र ही पत सर्वांच्या नावे सारखी साठत नाही. तरुणाने वाढलं तर कौतुक होतं, काकूंनी दहाही दिवस प्रसाद केला तर तो धरूनच चालतात. म्हणून उत्सवानंतरच्या पहिल्या बैठकीच्या इतिवृत्तात प्रत्येकाचं नाव आणि त्यापुढे केलेलं काम, दोन्ही लिहून घ्या आणि ते मोठ्याने वाचा.