कॉलेज निवडताना लॅब मॅन्युअल मागून बघा

माहितीपत्रकात ‘ओपन सोर्स लॅब’ छापलेली असते, लॅबमधल्या मशीनवर उबुंटू (लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा एक प्रकार) हेही दिसतं. तेवढ्यावर जाऊ नका. फुकट मिळतं म्हणून लिनक्स टाकणारी कॉलेजं पुष्कळ आहेत. मुक्त सॉफ्टवेअरला, म्हणजे कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणाऱ्या सॉफ्टवेअरला, कॉलेजचा पाठिंबा आहे की नाही, ते प्रॅक्टिकल, सबमिशन आणि मालकीच्या नियमांत कळतं.

आधी कुणाकडून तरी पहिल्या वर्षाचं सी या प्रोग्रॅमिंग भाषेचं लॅब मॅन्युअल मिळवा. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला ‘कोनियो डॉट एच’ आणि आत पडदा पुसायला ‘सीएलआरएससीआर’ असेल, तर ते बोर्लंडच्या डॉसवरच्या टर्बो सी या जुन्या कंपायलरसाठी लिहिलेलं आहे. लिनक्सवर जीसीसी या कंपायलरला ती ‘कोनियो’ची हेडर फाइलच सापडत नाही आणि कंपाइल तिथेच अडतं. मग लिनक्सची मशीनं नुसती शोभेला. मॅटलॅब या आकडेमोडीच्या विकतच्या सॉफ्टवेअरचंही तसंच विचारा. साध्या स्क्रिप्ट ऑक्टेव्ह या त्याच्या मुक्त पर्यायात बऱ्याचशा चालतात, पण सिम्युलिंकला (आकृत्या जोडून सिम्युलेशन करायचा मॅटलॅबचा जोडभाग) ऑक्टेव्हमध्ये पर्याय नाही. त्याऐवजी सायलॅब या दुसऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमधलं एक्सकॉस वापरू देतात का ते बघावं लागतं.

नंतर सीनियर्सकडून शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या दोन-तीन रेपॉझिटरीच्या (कोड ठेवायच्या ऑनलाइन जागांच्या) लिंक घ्या. लायसन्सची फाइल आहे का? नसेल तर कोड सगळ्यांना दिसत असला तरी तो मुक्त नाही. सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. कमिटच्या, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदींच्या, तारखाही बघा. सगळा कोड एकाच कमिटमध्ये, तोही सबमिशनच्या आठवड्यात, असं असेल तर गिट हे बदलांचा इतिहास ठेवणारं साधन फक्त झिप ठेवायची जागा म्हणून वापरलंय. (असाइनमेंटची उत्तरं उघड टाकायला बंदी असेल तर त्यात वावगं काही नाही. ती कॉपी रोखायची सोय आहे.)

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे बौद्धिक संपदेचं धोरण. विद्यार्थ्याने कॉलेजच्या मशीनवर किंवा प्रोजेक्ट म्हणून लिहिलेला कोड कुणाचा? कॉलेजचा असेल तर तो जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सखाली द्यायचा अधिकार विद्यार्थ्याला उरत नाही. लिनक्सच्या गाभ्याला (कर्नलला) पॅच, म्हणजे आपला कोडबदल, पाठवताना ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळीतून तसा अधिकार असल्याची ग्वाही द्यावी लागते. ईमॅक्स या मुक्त टेक्स्ट एडिटरमध्ये मोठी भर घालायची तर कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे करावा लागतो, आणि त्यासाठी संस्थेकडून हक्क सोडल्याचं पत्रही लागू शकतं. असं पत्र कोण देतं हे विभागप्रमुखांना विचारा. प्रश्नच कळला नाही तर उत्तर मिळालंच.

ऑनलाइन परीक्षा कशावर होते? मूडल हे ऑनलाइन शिकवण्या-परीक्षांचं सॉफ्टवेअर जीपीएलखाली आहे, नेहमीच्या कुठल्याही आधुनिक ब्राउझरवर चालतं. पण परीक्षेच्या वेळी बाकी सगळं बंद ठेवणाऱ्या सेफ एक्झाम ब्राउझरचा सोर्स खुला असूनही लिनक्सवर त्याची अधिकृत आवृत्ती नाही. परीक्षेपुरतं लॅबचं मशीन देतात का, ते लेखी घ्या. मॅन्युअल जुनं असलं तर स्वतःच्या मशीनवर मार्ग काढता येतो. परीक्षेचं ॲप आणि मालकीचा नियम विद्यार्थ्याला बदलता येत नाही.

कॉलेज बघायला जाताना लिनक्स असलेला लॅपटॉप न्या आणि परवानगी घेऊन वायफायला जोडा. साधं ८०२.१एक्स लॉगिन (वायफायला स्वतःचं नाव-पासवर्ड देऊन जोडायची पद्धत) लिनक्सच्या नेटवर्कमॅनेजरमधून होतं. त्यासाठी फक्त विंडोजवर चालणारा एजंट (मशीन तपासणारा छोटा प्रोग्रॅम) बसवायला सांगितलं तर रोजचीच कटकट. मग एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून एखादी रेपॉझिटरी क्लोन करून, म्हणजे उतरवून, बघा. एसएसएचचा २२ नंबरचा पोर्ट (जोडणीची वाट) कॉलेजने बंद केलेला असेल तर गिटहब या रेपॉझिटरींच्या साइटवर ४४३ वरून जाता येतं, तशी सोय नसलेल्या सर्व्हरसाठी पोर्ट उघडून देतात का हे नेटवर्क सांभाळणाऱ्याला तिथेच विचारून घ्या.